जाडीचा हिशेब

अंगणात किंवा झाडांच्या वाफ्यात खडी पसरायची ठरली की टेप निघते, लांबी-रुंदी इंचाइंचाने मोजली जाते आणि जाडीचं मात्र ‘टाकू दोन-तीन इंच’ एवढ्यावर भागवलं जातं. माल कमी पडतो किंवा दाराशी रास उरते, ती बहुतेक वेळा या तिसऱ्या मापामुळे. २० बाय ३० फुटांच्या अंगणात लांबी अर्ध्या फुटाने चुकली तर मालात दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही. जाडी दोनऐवजी अडीच इंच झाली की थेट २५ टक्के. अहिल्यानगर जिल्ह्यात ब्रास कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०२३ मध्ये सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला डेपो श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावलाच उघडला. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढा माल दोन इंचांच्या थराने ६०० चौरस फूट झाकतो, तीन इंचांनी ४००, चार इंचांनी ३००. वरच्या अंगणाला तीन इंचांनी दीड ब्रास लागेल.

पण जाडी आपल्या आवडीवर ठरत नाही, ती दगड आणि जमीन ठरवतात. थर दगडाच्या आकाराच्या निदान दुप्पट हवा, नाहीतर फटींतून माती दिसते. दीड इंची खडी दोन इंचांत पसरणं म्हणजे तिची विरळ पेरणी. जमिनीचा प्रश्न या जिल्ह्यात जास्तच टोकदार आहे. पारनेर-संगमनेरच्या माळावर मुरमाड, उथळ जमीन सापडते, तिथे टाकलेली खडी वरच राहते. श्रीरामपूर-कोपरगावच्या काळ्या जमिनीचं तसं नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी थोडी थोडी खडी गिळते. तिथे खडी वाढवत बसण्यापेक्षा खाली मुरमाचा थर द्यावा. तो दाबल्यावर बसतो, म्हणून सवापट मागवावा: ६०० चौरस फुटांवर चार इंच पक्का थर हवा असेल तर दोन नव्हे, अडीच ब्रास. खडी तेवढी बसत नाही. तिला दहा टक्के जास्त पुरे.

‘ट्रॉलीवाल्याला नजरेनेच कळतं’ असं लोक म्हणतात. कळतंही, पण ती नजर ट्रॉलीची असते, तुमच्या अंगणाची नव्हे. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच खोल ट्रॉलीत काठोकाठ एक ब्रास मावतो. माल काठाखाली दोन इंच असेल तर १० घनफूट गेलेच. मग काट्यावर वजन करून घेणं जास्त सच्चं नाही का? अखंड काळ्या दगडाचा घनमीटर पावणेतीन टनांच्या वर भरतो, पण खडीत जवळपास निम्मी पोकळी असते, त्यामुळे ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टनांचा. भिजलेल्या कचात पाणीही तोललं जातं. काटा वाईट नाही, पण आपल्याला भरायची असते जागा, आणि जागा घनफुटांतच मोजावी लागते.

शोभेच्या पांढऱ्या गोट्यांना मात्र किलोचा भाव असतो, आणि फसगत होते ती तिथेच. ५० किलोच्या गोणीत जेमतेम सव्वा घनफूट माल, म्हणजे दोन इंचांनी सात चौरस फूट. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला दहा गोण्या पुरतील असं डोळ्यांना वाटतं, लागतात पंधरा. त्यातून गोटे गोल, काळ्या मातीत खडीपेक्षा लवकर रुतणारे. एवढ्या महाग मालाखाली मुरूम घातला तर गोण्या वाचतात. पसरताना कोपऱ्यांत आणि मधोमध दोन इंचांवर खूण केलेल्या चार-पाच खुंट्या ठोकाव्यात. मजुराला थर किती द्यायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.