रक्त पातळ करायची गोळी आणि पाळीचे चार दिवस



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीच्या वह्या बघत होते. शेजारी बसलेल्या ताईच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार तिच्या नवऱ्याचाच आला. बैठक संपल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं, तर ती हसायलाच लागली. "मॅडम, गोठ्याच्या दाराची कडी लागली. गोळीमुळं एवढं उठतं. आख्ख्या गल्लीनं विचारून झालं, तुम्हीच राहिल्या होता."

चार वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप काढून तिथे धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बोलता बोलता तिनं दुसरी गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र आवाज खाली गेला. पाळी आली की चार दिवस ती गोळी बंद ठेवायची. गोळीमुळं अंगावरून इतकं जायचं की कापसाच्या रानात उभं राहणं अवघड व्हायचं. दवाखान्यात हे सांगितलं नाही, कारण डॉक्टर पुरुष आणि शेजारी दीर उभा. असं दोन वर्षं चाललं. गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी भाकरी थापताना उजवा हात जड पडला, जीभ अडखळायला लागली. झडपेवर धरलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. घरच्यांनी लगेच नेलं म्हणून बरंच सावरलं. पण सही करताना हात अजून थरथरतो. ती वाकडी सही मी कितीतरी महिने हजेरीच्या वहीत बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

नाव-गाव न घालता हे लिही, असं तीच म्हणाली.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'रक्त पातळ होतं' म्हटलं की आपल्याला वाटतं दुधात पाणी घातल्यासारखं रक्त पाणचट झालं, अंगातलं रक्त कमी झालं. तसं नसतं. या गोळीनं होतं ते विरजण कमी घातल्यासारखं. दूध तेच, फक्त दही लागायला वेळ लागतो. आपलं यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी गोळी त्या कामाला लगाम घालते. धातूच्या झडपेवर, किंवा ठोके अनियमित असलेल्या हृदयात, रक्त गोठायला टपलेलंच असतं. म्हणून हा लगाम लागतो, आणि धातूची झडप असेल तर जन्मभर लागतो.

लगाम किती ओढलाय हे सांगणारी रक्ताची तपासणी म्हणजे पीटी-आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा साधारण १ असतो. पायात गुठळी झालेल्यांचा किंवा अनियमित ठोक्यांवाल्यांचा बहुतेक वेळा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. धातूच्या झडपेला, ती कुठली आणि कुठे बसवली त्याप्रमाणे, काहींना २.५ ते ३.५ सुद्धा लागतो. तुमचा आकडा किती हवा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्याच्या खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आता त्या चार दिवसांचा हिशोब बघा. गोळी थांबवली की एक-दोन दिवसांत आकडा उतरायला लागतो आणि चार दिवसांत तो बऱ्याचदा पार खाली येतो. पुन्हा सुरू केली तरी पूर्ण असर यायला आणखी काही दिवस जातात. म्हणजे बंद चार दिवस असली तरी झडप दर महिन्याला आठवडाभर किंवा जास्तच उघडी पडते. ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच्या मनानं केलं असं सगळे म्हणतात. पण तिला पाळीबद्दल एकदा तरी कुणी विचारलं होतं का?

पाळी जास्त जाणं हा या गोळीचा ठाऊक असलेला त्रास आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यावर उपचार आहेत. दर तासा-दोन तासाला कापड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर चालत असेल, तर आधी आयएनआर बघायचा, मग हिमोग्लोबिन. आपल्या ताईचं ७ निघालं होतं. 'अशक्तपणा गोळीमुळं आला' असं घरचे म्हणत होते, प्रत्यक्षात तो दर महिन्याला जाणाऱ्या रक्तामुळं होता. नंतर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं आणि गोळी चालू असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगायचं. कारण पाळी ताब्यात ठेवायच्या काही हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आणि तांबीनं अंगावरून जास्त जाऊ शकतं. यातलं काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील. पुरुष डॉक्टरसमोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर आशाताईंना सोबत न्या.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मग पुढचं. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत या गोळीनं बाळाला व्यंग येऊ शकतं, आणि गोळी आपणहून थांबवली तर आईच्या जिवाला धोका. पाळी चार-पाच दिवस जरी लांबली तरी तपासणी करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाकीचे त्रास लहान आहेत. जरा धक्का लागला की डाग उठतो, ब्रशनं हिरड्यांतून रक्त येतं, विळीनं बोट कापलं तर थांबायला वेळ लागतो, काहींचे केस गळतात. मऊ ब्रश घ्या. बोटावर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढं वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. डाग मात्र काही न लागता उठायला लागले, किंवा रोज नवे दिसायला लागले, तर तारखेची वाट न बघता आयएनआर करा.

खाण्याबद्दल गावात फार घोळ आहे. 'पालेभाजी बंद' असं ऐकून एका सासूबाईंनी सुनेला दोन वर्षं मेथी दिली नाही. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, चवळी, राजगिरा यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं हे खरं. पण बंद करायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. अडचण होते ती हिवाळ्यात, जेव्हा मेथी स्वस्त होते आणि आपण रोज दोन्ही वेळा करतो. तेव्हा आकडा खाली येतो. उपासातही तेच, चार दिवस जेवण बदललं की आकडा हलतो. नवरात्राचे नऊ दिवस धरणार असाल तर आधी विचारा.

खरी भीती भाजीची नाही, मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीची आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कापूस वेचून कंबर धरली की आपला हात तिकडंच जातो, म्हणून हे ठळक लिहितेय. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरी, पण तीही रोज आणि जास्त नको. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आणि काही अँटिबायोटिक आकडा वर नेतात, टीबीची रिफाम्पिसिन खाली आणते. झाडपाल्याच्या औषधाचंही तसंच, आधी विचारायचं. आणि 'एक सुई मारा ना' हा हट्ट सोडा. दंडात किंवा कमरेत सुई दिली तर स्नायूत रक्त साचू शकतं. दात काढायचा असेल तरी आधी सांगा.

एका ताईच्या मुलानं मोबाईलवर वाचलं की हे उंदीर मारायचं औषध आहे. तो खोटं वाचला नाही. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली, त्याच्या शोधातून हे औषध निघालं. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. सगळा फरक मात्रेचा आहे. म्हणून तर तपासणी.

मात्रेवरून आठवलं. डोस कधीच 'अर्धी गोळी' म्हणून लक्षात ठेवू नका, मिलिग्राममध्ये ठेवा. १ ची पट्टी संपली म्हणून दुकानदारानं २ ची दिली तर अर्धी गोळी म्हणजे दुप्पट औषध. रात्रीची राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका, वहीत लिहून ठेवा.

तपासणी नको अशा नव्या गोळ्या आल्यात, त्या का देत नाहीत, असंही विचारतात. पायातल्या गुठळीला त्या देतात. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. लहानपणच्या सांधेतापानं झडप आकसलेल्यांनाही जुनीच गोळी बरी ठरते.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, लघवी लाल होणं, रक्ताची उलटी, अचानक भयंकर डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, डोक्याला मार लागणं, मग वरून काही दिसत नसलं तरी. यातलं काहीही झालं तर १०८. धातूच्या झडपेची टिकटिक बंद पडली किंवा दबकी झाली आणि धाप लागली, तरी तेच.

आता पैशाचं. झडपेचं ऑपरेशन अनेकींचं महात्मा फुले योजनेतून होतं, पण नंतरच्या तपासणीची तारीख चुकते ती मजुरी बुडते म्हणून. बस अर्ध्या तिकिटात असली तरी दिवस जातोच. आपल्या ताईच्या गटानं आता ठरवलंय, तिच्या तपासणीच्या दिवशी बँकेचं कामही तिनंच करायचं आणि गाडीभाडं गटानं द्यायचं. पाळीचं पुस्तकात कुणी लिहीत नाही, पण महिन्याच्या बैठकीत एक जण तिला हळूच विचारते, "गोळी चालू आहे ना?"

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला मी कोरी कार्डं घेऊन येणार आहे. त्यावर नाव, औषध, किती मिलिग्राम, कशासाठी चालू, हवा असलेला आकडा, शेवटच्या तपासणीची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर लिहायचा आणि कार्ड मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवायचं. ज्यांच्या घरात कुणालाही अशी गोळी चालू आहे त्यांनी गोळीची पट्टी आणि शेवटचा रिपोर्ट सोबत आणा. रिकामी पट्टी असली तरी चालेल, फक्त नाव आणि मिलिग्राम दिसायला हवं.