गिअरचं ऑईल आणि डिझेलचा खर्च

गटाची गाडी असली की इंजिन ऑईल कधी बदललं, ते वहीत लिहिलेलं असतं. गिअरच्या ऑईलची नोंद मात्र क्वचितच दिसते. गिअरबॉक्स आवाज करू लागला की सल्ला मिळतो, "१४० नंबरचं जाड ऑईल टाका, आवाज बसून जाईल." आज आपण या सल्ल्याबद्दलच बोलू.

गिअरची चाकं ऑईलमध्ये अर्धवट बुडून फिरतात. पातळ बेसन घोटताना पळी सहज फिरते, घट्ट झालं की मनगट भरून येतं. गिअरबॉक्समध्ये ते मनगट इंजिनचं असतं, आणि त्याचं खाणं म्हणजे डिझेल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ऑईल आपोआप सैल होतं. पण पौषातल्या पहाटे नांदगावहून अमरावतीला माल घेऊन निघालं, तर पहिले काही किलोमीटर जाड ऑईल फारच जड पडतं.

डब्यावर ८०डब्ल्यू-९० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा तापल्यानंतरचा. इंजिन ऑईलच्या आकड्यांशी हे ताडू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. गिअरचं ९० हे साधारण इंजिनच्या ४०-५० एवढंच जाड असतं.

बचत किती? शंभरात एक-दोन, फार नाही. महिन्याला २०० लिटर डिझेल लागत असेल तर दोन ते चार लिटर. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याहून जास्त जातं, म्हणून आधी हवा तपासा. पण म्हणून हवं तेवढं पातळ ऑईलही चालत नाही. दातांमधला ऑईलचा पापुद्रा तुटला की लोखंडावर लोखंड घासतं, आणि मग गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च डिझेलच्या बचतीला गिळून टाकतो.

आणखी एक आकडा पाहा, जीएल-४ की जीएल-५. जीएल-५ मोठा म्हणून चांगला, असं नाही. त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. ट्रॅक्टरचं तर वेगळंच. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच ऑईलवर चालतात, तिथे साधं १४० टाकणं म्हणजे ब्रेकशी खेळ.

दुकानात जाताना गाडीचं पुस्तक सोबत न्या आणि त्यातलाच नंबर मागा. ऑईल भरताना बाजूच्या बोल्टच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की थांबायला सांगा. जास्त भरलं तर घुसळण वाढते, सीलमधून गळतंही. गाडी किती किलोमीटर चालली तेव्हा बदललं, ते वहीत इंजिन ऑईलच्या शेजारीच लिहा.