तापलेल्या खोलीतील संगणक
बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरातील खोली त्याहूनही अधिक तापते. अशा खोलीतील डेस्कटॉप संगणकाचा पंखा हवा थंड करत नसून केवळ हलवत असल्यामुळे प्रोसेसरचे तापमान खोलीतील हवेपेक्षा खाली उतरू शकत नाही. प्रोसेसरची उष्णता हीटसिंक, म्हणजे पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा, ओढून घेतो आणि पंख्याचा झोत ती बाहेर लोटतो. मात्र पात्यांच्या फटींत धूळ व कापसाचे तंतू साचले की ही वाट खुंटते, आणि तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून संगणक बंद करून, वायर काढून, पंख्याची पाती बोटाने रोखून मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. खोलीतील हवाच थंड करायची असेल, तर मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चांगला चालतो, कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते. परंतु खिडकी बंद राहिल्यास ओलावा कोंडून गारवा घटतो, शिवाय कूलरचे तुषार कॅबिनेटवर पडणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी लागते.