पट्टाविरहित सीपॅप मास्क

पट्टाविरहित सीपॅप मास्क हा निद्रा श्वासरोध अर्थात स्लीप ॲप्निया या विकारावरील उपचारात वापरला जाणारा, डोक्याभोवती पट्टे न बांधता स्थिर राहणारा श्वसनमास्क आहे. सीपॅप यंत्रातून येणारी दाबयुक्त हवा नळीवाटे मास्कमध्ये आणि तेथून रुग्णाच्या श्वासमार्गात पोहोचते. नेहमीच्या मास्कला डोक्यामागून जाणारे लवचिक पट्टे चेहऱ्यावर धरून ठेवतात. पट्टाविरहित प्रकारात हेच काम त्वचेवरील चिकटपट्टी, दातांवर बसणारा साचा किंवा ओठांच्या आत-बाहेर बसणारी पाळ करते. पट्ट्यांमुळे गालांवर वळ उठणे, केस ओढले जाणे, डोके आवळल्यासारखे वाटणे, कोंडल्यासारखे वाटणे अशा तक्रारी असणाऱ्या रुग्णांसाठी हे मास्क विकसित झाले.

पार्श्वभूमी

अवरोधी निद्रा श्वासरोधात झोपेमध्ये घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग पूर्णतः किंवा अंशतः मिटतो. श्वास किमान १० सेकंद थांबल्यास त्यास श्वासरोधाची एक घटना मानतात. झोपेच्या दर तासास श्वास थांबण्याच्या व क्षीण होण्याच्या एकूण घटना मोजून विकाराची तीव्रता ठरवली जाते. प्रौढांमध्ये ५ ते १५ घटना सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र विकार समजला जातो. मोठ्याने घोरणे, रात्री दचकून जागे होणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा अनावर झोप येणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. मुंबईत ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांवर झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये निद्राश्वसनाचा विकार आढळला, तर दिवसाच्या झोपाळूपणासह असणारा श्वासरोध ७.५ टक्क्यांमध्ये दिसून आला.

सीपॅप हे नाव कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर या संज्ञेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. यंत्र खोलीतील हवाच किंचित दाबाने सोडते आणि हा दाब मिटू पाहणाऱ्या घशाला आतून टेकू देतो. दाब सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर जलस्तंभ या मर्यादेत असतो. टेकू काढताच घसा पुन्हा मिटतो; म्हणजेच यंत्र जितके तास वापरले तितक्याच तासांपुरता श्वासमार्ग उघडा राहतो.

यामुळे मास्कची सोय हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही. हृदयरोग किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅप गटाचा सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता. या गटात घोरणे व दिवसाची झोप कमी झाली, मात्र हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा घटनांमध्ये घट दिसली नाही. वापराचे तास अपुरे पडले हे त्यामागील एक संभाव्य कारण असल्याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेत उपचाराचा खर्च पुढे चालू राहण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतील सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री चार तास वापर ही अट आहे. मास्क सहन न झाल्यामुळे यंत्र कपाटात ठेवून देणाऱ्या रुग्णाचा उपचार प्रत्यक्षात थांबलेलाच असतो.

इतिहास

सीपॅपचा शोध ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये लावला. त्यापूर्वी तीव्र विकारावर गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडणे हाच खात्रीचा उपाय होता. पाच रुग्णांवरील निष्कर्ष १९८१ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पट्टाविरहित मास्क ही अलीकडची कल्पना वाटत असली, तरी घरी वापरले गेलेले अगदी सुरुवातीचे मास्क पट्ट्यांवाचूनच होते. रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून फायबरग्लासचा मास्क घडवला जाई आणि तो रोज रात्री सिलिकोनच्या चिकटद्रव्याने चेहऱ्यावर चिकटवला जाई. सकाळी तो सोडवून स्वच्छ करावा लागे. ही पद्धत प्रभावी असली तरी कष्टाची होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मऊ कडांचे, तयार मापांत मिळणारे आणि पट्ट्यांनी बांधायचे मास्क बाजारात आले व तेच रूढ झाले. २०१० च्या दशकात चिकटपट्टीची कल्पना नव्या स्वरूपात परतली. आता संपूर्ण मास्कऐवजी केवळ नाकपुड्यांभोवतीचे लहान तुकडे चिकटवले जाऊ लागले.

पट्ट्यांचे कार्य

पट्टे का लागतात हे समजल्यास कोणत्या रुग्णास ते टाळता येतील याचाही अंदाज येतो. १ सेंटिमीटर जलस्तंभाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ ग्रॅम वजनाइतका जोर देतो. दाब १० सेंटिमीटर असताना नाक व तोंड झाकणाऱ्या ६० चौरस सेंटिमीटरच्या मास्कला आतील हवा सुमारे ६०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. केवळ नाक झाकणाऱ्या ३० चौरस सेंटिमीटरच्या मास्कवर हा जोर सुमारे ३०० ग्रॅम, तर ३ चौरस सेंटिमीटरची नाकपुड्यांची तोंडे बंद करणाऱ्या मऊ टोप्यांवर अवघा ३० ग्रॅम असतो. कडा हवाबंद राहण्यासाठी पट्ट्यांना याहून अधिक ताण द्यावा लागतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मास्क जितका लहान, तितकी त्याला धरून ठेवण्याची गरज कमी. म्हणून जवळपास सर्व पट्टाविरहित मास्क नाकपुड्यांपुरते मर्यादित असतात. तसेच दाब वाढला की जोरही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे ज्यांना अधिक दाब लागतो, त्यांच्यात चिकटपट्टी सुटण्याची शक्यता अधिक असते. हवेच्या जोराखेरीज नळीचे वजन आणि कूस बदलताना बसणारी ओढ हीसुद्धा मास्क निसटण्याची मोठी कारणे आहेत.

प्रकार

चिकटपट्टीचे मास्क: प्रत्येक नाकपुडीभोवती एक लहान चिकट तुकडा लावला जातो आणि त्यावर हवेची नळी जोडणारा हलका भाग बसवला जातो. अमेरिकेतील ब्लीप कंपनीचा ड्रीमपोर्ट हे याचे परिचित उदाहरण आहे. त्वचेशी थेट चिकटल्यामुळे कडांतून होणारी गळती अत्यल्प असते. गालांवर व डोक्यावर काहीच नसल्याने कुशीवर झोपणे आणि चष्मा लावून वाचणे सोपे जाते. चिकट तुकडे मात्र एका रात्रीपुरतेच असतात, त्यामुळे आवर्ती खर्च कायम राहतो.

दातांच्या आधाराचे मास्क: वरच्या दातांवर बसणाऱ्या साच्यातून पुढे आलेल्या दांडीवर नाकपुड्यांच्या टोप्या बसवलेल्या असतात. काही साचे गरम पाण्यात मऊ करून घरीच दातांचा ठसा घेऊन बसवता येतात. टॅप-पॅपसारखी साधने दंतवैद्याच्या मदतीने घेतली जातात. अशा काही साधनांत खालचा जबडा पुढे आणणाऱ्या उपकरणाचीही जोड देता येते. यासाठी दात व हिरड्या सुस्थितीत असणे आवश्यक आहे. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांना हा प्रकार सहसा उपयोगी पडत नाही.

तोंडावाटे हवा देणारे मास्क: यात एक पाळ ओठ व दातांच्या मध्ये आणि दुसरी ओठांच्या बाहेर बसते. नाक सतत चोंदलेले असणाऱ्यांसाठी ते तयार करण्यात आले. हवा नाकातून न गेल्यामुळे तोंड कोरडे पडते, म्हणून यंत्रासोबत आर्द्रक वापरावे लागते.

मास्कशी गल्लत होणारी साधने

नाकपुड्यांवर चिकटवण्याच्या काही लहान झडपा यंत्राशिवाय वापरल्या जातात. त्या श्वास सहज आत घेऊ देतात आणि उच्छ्वासाला अडथळा निर्माण करून घशात काही काळ दाब टिकवतात. दिसण्यात साम्य असले तरी हा सीपॅप नव्हे. यंत्राप्रमाणे ठरावीक दाब त्या देऊ शकत नाहीत आणि तीव्र विकारात त्या सीपॅपची जागा घेऊ शकत नाहीत. नाकाच्या बाहेरून लावायच्या, नाकपुड्या रुंद करणाऱ्या पट्ट्यांमुळे चोंदलेले नाक मोकळे वाटते. परंतु अडथळा घशात असल्याने श्वासरोधावर त्यांचा उपयोग होत नाही. नळी व पट्टे दोन्ही नसलेले, नाकात बसणारे सूक्ष्म यंत्र बनवण्यासाठी एअरिंग या प्रकल्पाने २०१५ मध्ये लोकवर्गणीतून निधी गोळा केला. त्यानंतरच्या अनेक वर्षांत ते विक्रीस आले नाही.

निवडीचे निकष

श्वास घेण्याची सवय: झोपेत तोंड उघडे राहत असल्यास नाकातून दिलेली हवा तोंडावाटे निसटते. हे नाक चोंदल्यामुळे होत असेल, तर आधी नाकाचा उपचार करणे इष्ट ठरते. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला अनेकदा अधिक दाब लागतो आणि त्याचा नियमित वापरही कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे शक्य असल्यास नाकाच्या मास्कपासून आरंभ केला जातो.

दाब: यंत्रावर ठरवून दिलेला दाब विचारात घ्यावा लागतो. स्वयंचलित यंत्रात दाब रात्रभर बदलतो, म्हणून सरासरी नव्हे तर दाबाची वरची पातळी पाहणे योग्य.

त्वचा: तेलकट वा घामट त्वचेवर चिकटपट्टी नीट धरत नाही, कोकणासारख्या दमट हवेत ही अडचण अधिक जाणवते. वार्धक्यात त्वचा पातळ होते आणि चिकटपट्टी काढताना सोलवटू शकते. चिकटद्रव्याची ॲलर्जी ओळखण्यासाठी एक तुकडा हाताच्या आतील बाजूस रात्रभर लावून पाहता येतो. लालसरपणा किंवा खाज आल्यास हा प्रकार टाळावा.

मिशी व दागिने: मिशीचे केस नाकपुडीच्या कडेपर्यंत येत असल्यास तेथे हवाबंद जोड होत नाही. चमकी, मुरणी किंवा नथ मास्कच्या कडेखाली येत असल्यास रात्री काढून ठेवावी लागते.

हातांची क्षमता: संधिवात, कंपवात किंवा क्षीण दृष्टी असणाऱ्यांना लहान तुकडे अचूक जागी लावणे कठीण जाते. अशांना एकाच ओढीत घालता येणारा पट्ट्यांचा मास्क अधिक सोयीचा ठरू शकतो.

शरीरातील वैद्यकीय उपकरणे: पट्ट्यांच्या काही मास्कमध्ये चुंबकाच्या कड्या असतात. पेसमेकरसारख्या उपकरणांवर त्यांचा परिणाम होऊ शकत असल्याने २०२२ व २०२३ मध्ये प्रमुख उत्पादकांनी सुरक्षाविषयक सूचना दिल्या. मास्क कोणत्याही प्रकारचा असो, त्यात चुंबक आहे काय हे अशा रुग्णांनी तपासणे आवश्यक आहे.

खर्च: एका तुकड्याची किंमत अल्प वाटली तरी वर्षाच्या ३६५ रात्रींचा हिशेब करून तिची तुलना पुन्हा वापरता येणाऱ्या मास्कशी करावी लागते. पुरवठा परदेशातून होत असल्यास तो खंडित झाल्यावर वापरण्यासाठी पर्यायी मास्क जवळ असणे हिताचे असते.

वापर व देखभाल

चिकटपट्टी लावण्यापूर्वी नाकाभोवतीची त्वचा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी केली जाते. झोपण्यापूर्वी चेहऱ्यास तेल किंवा मलम लावण्याची, अथवा नाकात तेल सोडण्याची सवय असल्यास चिकटपट्टी टिकत नाही. काढताना कोमट पाण्याने ओली करून हळूहळू सोलणे सुरक्षित असते. नळी उशाच्या वरून आणल्यास किंवा सैल अडकवून ठेवल्यास कूस बदलताना मास्क ओढला जात नाही. सिलिकोनचे भाग रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले जातात.

प्रत्येक सीपॅप मास्कला उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे असतात. त्यांतून येणारी हवा हा दोष नसून सुरक्षिततेची व्यवस्था आहे. ती छिद्रे चिकटपट्टीने किंवा पांघरुणाने झाकू नयेत.

मास्कची पारख बसून न करता, यंत्र चालू ठेवून व आडवे पडून केली जाते, कारण आडवे होताच चेहऱ्याचा आकार व नळीची दिशा बदलते. आधुनिक यंत्रे वापराचे तास, गळती आणि उरलेल्या श्वासरोधांची संख्या नोंदवतात. नवा मास्क सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत या तीनही नोंदी डॉक्टरांना दाखवल्या जातात. मास्क आरामदायक वाटत असूनही गळती किंवा श्वासरोधांची संख्या जास्त राहिल्यास तो बदलावा लागतो. उलट, नोंदी उत्तम असूनही रुग्ण मध्यरात्री मास्क काढून टाकत असल्यास उरलेली रात्र उपचाराविना जाते.

हे सुद्धा पहा

घोरणे
झोप
श्वसनसंस्था