वर्गणीचं प्रोफाइल : जाहिरात, कमाई आणि कायदा

मंडळी, आजचा विषय घरात कोणी काढत नाही. पण शिरवळच्या कंपन्यांत काम करून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरापोरींच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर ‘घरबसल्या कमाई’ची आमिषं येतात. म्हणून आपण चारचौघांत बोलूया.

आधी धंदा समजून घेऊ. ओन्लीफॅन्स ही कंपनी 2016 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. ग्राहक महिन्याची वर्गणी भरतो; शंभरातले 20 कंपनी ठेवते, 80 प्रोफाइलवाल्याला देते. ऐकायला झकास! पण गिऱ्हाईक कंपनी आणून देत नाही. ते आपणच इन्स्टाग्राम, एक्स, टेलिग्रामवरून ओढायचं. फुकट झलक दाखवायची, बायोमध्ये लिंक द्यायची, ‘बाकीचं आत’ म्हणायचं. म्हणजे खरं काम जाहिरातीचं, आणि ती जाहिरात साऱ्या गावासमोर. आतला मजकूरही आतच राहत नाही. वर्गणी भरणाऱ्या एकाने स्क्रीन रेकॉर्ड केली, की तो कुठेही जातो.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 67 अश्लील मजकूर ऑनलाइन प्रसिद्ध करण्याबद्दल आहे : पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृत्य असेल तर कलम 67अ : 5 वर्षं आणि 10 लाखांपर्यंत. ‘माझी संमती आहे, बघणाराही सज्ञान आहे’ अशी सूट या कलमांत लिहिलेली नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये अशी वस्तू अमुककडे मिळेल असं जाहीर करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे नुसती लिंक फिरवणाराही अडकू शकतो.

मुंबईचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी 2021 मध्ये पोलिसांनी मढच्या एका बंगल्यावर छापा घातला. वेब सिरीजमध्ये काम देतो सांगून मुलींकडून अश्लील चित्रीकरण करून घेतलं आणि ते वर्गणीच्या अ‍ॅपवर टाकलं, असा आरोप होता. जुलैमध्ये उद्योजक राज कुंद्रा यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले, सप्टेंबरमध्ये जामीन मिळाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की कॅमेऱ्यासमोर माणूस एक आणि पैसा मोजणारा दुसराच असू शकतो. ‘आम्ही प्रोफाइल चालवतो, तू फक्त व्हिडिओ दे’ म्हणणाऱ्या एजंटापासून म्हणूनच सावध राहायचं.

आणि कोणी आधीच अडकलं असेल तर? धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट, नंबर, लिंक जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 फिरवा. स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा फोटोचा डिजिटल ठसा तयार करते. फोटो आपल्या मोबाइलमध्येच राहतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो शोधून अडवू शकतात.

घरच्यांना एकच विनंती. पोरगी किंवा पोरगा सांगायला आला, तर आधी ऐकून घ्या. धमकावणाऱ्याचं सगळं बळ ‘घरी कळेल’ या भीतीत असतं. घरीच आधार मिळाला, की ते बळ निम्मं तिथंच गळतं.