हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतील ग्राफ्टची निवड आणि तिचे दीर्घकालीन परिणाम

प्रस्तावना

बायपास शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस भेटावयास गेलेले आप्तेष्ट 'किती बायपास केले?' असे हटकून विचारतात. तीन किंवा चार असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. ते बायपास कोणत्या रक्तवाहिनीचे केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनी रुग्णाची स्थिती काय असेल, याचा या दुसऱ्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

शीर आणि धमनी यांतील भेद

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीत अडथळा निर्माण झाला, की शरीरातीलच दुसरी रक्तवाहिनी अडथळ्याच्या पुढे जोडून रक्ताला पर्यायी मार्ग दिला जातो. या पर्यायी वाहिनीला ग्राफ्ट म्हणतात. लेनिनग्राडमध्ये कोलेसॉव्ह यांनी १९६४ साली छातीच्या आतील धमनी हृदयाच्या धमनीला जोडली होती. तथापि या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला तो अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी १९६७ पासून वापरलेल्या पायातील सॅफेनस शिरेमुळे. ही शीर लांब असते, सहज काढता येते आणि तिच्यावाचून पायाचे फारसे अडत नाही.

अडचण पुढे उद्भवते. शिरेची भित्तिका अल्प दाबाच्या रक्तप्रवाहासाठी घडलेली असते. धमनीच्या जागी बसविल्यावर तिच्यावर एकाएकी अनेक पटींनी अधिक दाब येतो. पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होण्याचा धोका असतो. पहिल्या वर्षात आतील स्तर जाड होतो आणि पुढे त्यावर मेदाचे थर साचू लागतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील पाहणीत (२००४) दहा वर्षांनंतर शिरेचे ६१ टक्के ग्राफ्ट खुले होते, तर छातीतील धमनीचे ८५ टक्के.

छातीच्या पिंजऱ्याच्या आतून, उरोस्थीच्या डाव्या बाजूने उतरणारी अंतर्वक्षीय धमनी बहुधा मुळापासून तोडावी लागत नाही. तिचे केवळ खालचे टोक सोडवून हृदयावर जोडले जाते. तिचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात निर्माण करते आणि त्यामुळे वाहिनी सैल व गुठळीमुक्त राहण्यास साहाय्य होते. क्लीव्हलँडच्याच लूप व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तिन्ही धमन्यांचा विकार असलेल्या रुग्णांपैकी ही धमनी हृदयाच्या पुढील बाजूच्या प्रमुख शाखेला जोडलेले ८२.६ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. केवळ शिरा वापरलेल्यांत हे प्रमाण ७१ टक्के होते. तेव्हापासून हा ग्राफ्ट जगभर प्रमाण मानला जातो.

दुसरी धमनी वापरावी काय?

खरा वाद पुढच्या ग्राफ्टविषयी आहे. एक धमनी इतकी हितकारक, तर उजवीही का घेऊ नये? १९९९ साली लायटल व सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दोन्ही अंतर्वक्षीय धमन्या वापरणे श्रेयस्कर असल्याचे दाखविले. परंतु अशा नोंदींत एक मेख असते. शल्यविशारद दीर्घ व कठीण शस्त्रक्रियेसाठी मुळातच सुदृढ रुग्ण निवडतात. मग ते अधिक जगले, यात धमनीचा वाटा किती आणि निवडीचा किती?

हे पडताळण्यासाठी भारतासह सात देशांतील ३१०२ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून 'आर्ट' ही चाचणी घेण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण दोन धमन्यांच्या गटात २०.३ टक्के, तर एका धमनीच्या गटात २१.२ टक्के आढळले. म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. मात्र पहिल्या गटातील सुमारे १४ टक्के रुग्णांना प्रत्यक्षात दुसरी अंतर्वक्षीय धमनी लावलीच गेली नाही आणि दुसऱ्या गटातील सुमारे २२ टक्के रुग्णांना मनगटाकडील धमनी मिळाली. त्यामुळे तुलनेची धार बोथट झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या चाचणीने दोन धमन्यांचा पक्ष खोडून काढला नाही. त्यामागची अतिशयोक्ती तेवढी उघड केली.

त्यात दुसरी बाजूही आहे. उरोस्थीला रक्तपुरवठा याच धमन्यांतून होतो. दोन्ही काढल्यास हाड सांधणे व जखम भरणे कठीण होते, विशेषतः मधुमेही व स्थूल रुग्णांत. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात हा विचार गौण मानता येत नाही.

मनगटाकडील धमनी

जेथे वैद्य नाडी पाहतात ती रेडियल धमनी कार्पांतिए यांनी पॅरिसमध्ये १९७१ साली वापरली, पण ती आकुंचन पावून बंद पडते असे आढळल्याने लवकरच सोडून दिली. सुमारे पंधरा वर्षांनी त्यांतील काही ग्राफ्ट उत्तम खुले दिसले! १९९२ पासून तिचे पुनरागमन झाले. सहा यादृच्छिक चाचण्यांतील १०३६ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१८) शिरेच्या तुलनेत ती बंद पडण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. मूळ धमनीतील अडथळा मात्र तीव्र असावा लागतो. अन्यथा मूळ प्रवाहाच्या स्पर्धेत ग्राफ्ट आक्रसतो. शिवाय हल्ली अँजिओग्राफी बहुधा मनगटातूनच होते आणि तिने धमनीच्या अस्तराला इजा पोचलेली असते. म्हणून तपासणी कोणत्या हातातून झाली, हे शल्यविशारदाला सांगितले पाहिजे.

शिरेचे स्थान

एवढ्यावरून शीर कालबाह्य झाली असे नाही. स्वीडनमधील ओरेब्रो येथे सूझा यांनी शीर भोवतालच्या मेदासह, न ताणता काढण्याची पद्धत विकसित केली. सोळा वर्षांनी तिचे ८३ टक्के ग्राफ्ट खुले होते, तर रूढ पद्धतीचे ६४ टक्के. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि तंबाखूचा त्याग यांनीही शिरेचे आयुष्य वाढते.

कोणती वाहिनी कोठे जोडली, याची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. डिस्चार्ज कार्डावर ती नसल्यास रुग्णाने मागून घ्यावी. पुढे पुन्हा अँजिओग्राफीची वेळ आल्यास ग्राफ्ट शोधण्यासाठी तिचा उपयोग होतो. दुसऱ्यांदा छाती उघडावी लागल्यास तर उरोस्थीच्या मागून जाणारी खुली धमनी करवतीखाली येऊ नये म्हणून ती नोंद हाताशी असावीच लागते.