नाडी मंद, पण चालणे बंद नको

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीला आपल्यातले पुष्कळजण जातात. देवळाला ५२ पायऱ्या. हृदयविकारावर मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ती नाडीला लगाम घालते. दम लागला तरी ठोके फारसे वाढत नाहीत. तेव्हा २२० वजा वय हा हिशेब इथं चालत नाही. आम्ही सांगतो ती खूण सोपी : चढताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबा. छातीत दाटलं, घेरी आली तर खाली बसा, तातडीने दवाखाना गाठा. श्रमानंतर तडक गरम कुंडात उतरू नका, रक्तदाब उतरतो. डॉक्टरांना विचारून रोज चाला, उसाच्या पाण्यासारखं बेतानं. गोळी मात्र मनानं एकदम सोडू नका; हृदय उसळतं.